चार रेघा वर

चिखलदऱ्याच्या त्या भाड्याच्या बंगल्यात दिवस उजाडायचा तो लघवी उकळण्याने. नाक मुरडू नका. मधुमेहाच्या पोरांची तब्येत कळायला त्या काळी दुसरा उपाय नव्हता. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर ठीक, विटेसारखं लाल झालं तर साखर फार. एकोणीसशे अडतीसच्या उन्हाळ्यात अमरावतीचे डॉक्टर केशवराव सहा मुलं आणि त्यांच्या आया घेऊन तिथे महिनाभर राहिले होते. गार हवेत मुलं खेळतील आणि आया इन्सुलिनची सुई टोचायला शिकतील, असा त्यांचा बेत होता. जिला जमेल तिने मूल घरी न्यावं, जिला जमणार नाही तिचं मूल माझ्या दवाखान्यात राहील, हे त्यांनी पहिल्याच दिवशी रोखठोक सांगून टाकलं होतं.

तिवशाच्या पार्बताबाईने ते मनाला लावून घेतलं. घरी भाजीचा मळा, नवरा, आणखी तीन लेकरं. नऊ वर्षांच्या शकुनसाठी अमरावतीत बिऱ्हाड करणं शक्यच नव्हतं. म्हणून ती जिद्दीने शिकली. आधी संत्र्यात पाणी टोचलं, मग शकुनच्या मांडीत औषध. अकोल्याच्या वकिलांची बायको रमाबाई तिच्याहून शिकलेली, पण सुई पाहिली की तिचे हात लटलट कापत. तिच्या मुलालाही पार्बताबाईच टोचून देई.

पार्बताबाईत खोड एकच. बाजारात वांगी तोलताना पारडं टेकलं तरी तिचा हात थांबत नसे. मूठभर वर पडायचीच. नुसतं माप दिलं तर माळणीच्या जातीला बट्टा लागतो, असं तिची सासू म्हणे. गिऱ्हाईक त्यामुळेच तिच्याकडे यायचं, आणि नवरा त्यामुळेच कुरकुरायचा.

तिसऱ्या आठवड्यात शकुनचे गाल भरू लागले. औषधाचा गुण डोळ्यांना दिसत होता. त्या सकाळी डॉक्टरांनी पिचकारीवरच्या दहा रेघांइतकं औषध सांगितलं. पार्बताबाईने पिचकारीत औषध ओढलं, म्हाताऱ्या नत्थुजी कंपाउंडरांनी चष्मा सावरून दहा रेघा तपासल्या आणि ते रमाबाईकडे वळले. बाटली पार्बताबाईच्या हातातच होती. इतकी गुणाची वस्तू, आणि पोटच्या पोरीला मोजून? तिने चार रेघा वर ओढल्या आणि टोचल्या.

दोन तासांनी गार वाऱ्यात शकुनला दरदरून घाम फुटला. ती असंबद्ध बोलू लागली, आईलाच ‘तुमी कोण’ म्हणाली आणि अंगणात कोसळली. दातखीळ बसलेली, तोंडात साखर जाईना. डॉक्टर धावत आले, शिरेतून ग्लुकोज दिलं, आणि बऱ्याच वेळाने पोरीने डोळे उघडून भाकर मागितली. पार्बताबाईच्या जिवात जीव आला.

मग डॉक्टर नत्थुजींवर उखडले. नजर गेली असेल तर सांगायचं, पोर हातची गेली असती, उद्याच घाट उतरून घरी जा. नत्थुजी चष्मा पुसत उभे राहिले. आपलंच चुकलं, असं त्यांनाही वाटू लागलं होतं.

पार्बताबाईला सगळं कळत होतं. गप्प राहिलं की आठ दिवसांनी शकुनला घेऊन घरी; बोललं की पोर राहिली अमरावतीच्या दवाखान्यातच. दुपारच्या जेवणापर्यंत ती गप्प राहिली. मग तिने ताट बाजूला सारलं. हात धुऊन ती डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

“त्याईची चूक नाही. त्याईनं दहाच पाह्यल्या. मंग मी चार वर घेतल्या.”

“काहून?” रागाच्या भरात डॉक्टरांची शुद्ध भाषा गळून पडली.

“गिऱ्हाइकाले वर देतो आमी. पोरीले नुसतं माप कसं देऊ?”

डॉक्टरांचा राग उतरला. मग त्यांनी शांतपणे समजावलं की हे औषध जास्त झालं की विष होतं, आणि पुढच्या खेपेला शकुन उठणार नाही. नत्थुजींना बोलावून त्यांनी त्यांची माफी मागितली. शकुनला मात्र दवाखान्यात ठेवावं लागेल, म्हणाले. पार्बताबाईने मान हलवली. गयावया तिच्या स्वभावात नव्हती, आणि आता तर तोंडही नव्हतं.

खाटेवर पडल्या पडल्या शकुन सगळं ऐकत होती. तिसरीत होती ती. “मले रेघा मोजता येतात,” ती म्हणाली. “माय टोचीन, मी मोजीन.”

डॉक्टर म्हणाले, उद्या पाहू.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी निळी राहिली. आज आठच रेघा, डॉक्टरांनी सांगितलं आणि ते समोर खुर्ची ओढून बसले. पार्बताबाईने दट्ट्या ओढायला घेतला. सहा, सात, आठ. तिला ठाऊक होतं, तरी बोट थांबेना. ते आपल्या सवयीने पुढे सरकलं. शकुनने आईचं मनगट धरलं.

“माय, पुरे.”

पार्बताबाईने वर आलेलं थेंबभर औषध बाटलीत परत लोटलं, आठ रेघांवर आणलं, पोरीला दाखवलं आणि टोचलं. हात जराही हलला नाही. डॉक्टरांनी वहीत शकुनच्या नावापुढे ‘घरी’ असं लिहिलं आणि नत्थुजींना पुढच्या मुलाला आणायला सांगितलं.

मायलेकी बाहेर ओट्यावर येऊन बसल्या. शकुन हसत होती. पार्बताबाई तोंडाला पदर लावून रडत होती. पोटच्या पोरीला आता जन्मभर मोजूनच द्यायचं होतं.