चार बटणं

"उजव्या हाताने शर्टाचं वरचं बटण काढा आणि पुन्हा लावा," वकीलबाई म्हणाल्या. "घाई नाही. जमेल तसं करा."

साक्षीदाराच्या पिंजऱ्यातला माणूस ताठ झाला. खोक्यांच्या कारखान्यात सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. दीड वर्षापूर्वी प्रेस मशीनने त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं नेली. काम भरभर उरकावं म्हणून मालकाने मशीनची संरक्षक जाळी काढून ठेवली होती. त्याबद्दल वाद नव्हता. वाद होता हाताचा. हात चालतो, माणूस कामावर येऊ शकतो, असं कारखान्याचं म्हणणं. ते न्यायाधीशांना पटलं असतं तर जन्मभराच्या भरपाईवर पाणी सोडावं लागलं असतं.

बटणाचा हा वकीलबाईंचा हातखंडा प्रयोग. सव्वीस वर्षं त्या अपघातात मोडलेल्या माणसांचे खटले लढत होत्या. डॉक्टरांचे कागद न्यायाधीश नुसते चाळतात, पण डोळ्यांदेखत न जमलेली एखादी साधी गोष्ट विसरत नाहीत, हे त्यांना कळून चुकलं होतं. म्हणून त्या कुणाला पाण्याचा ग्लास उचलायला लावायच्या, कुणाला बुटाची नाडी बांधायला. आधी सराव कधीच करून घ्यायच्या नाहीत, कारण घोटवलेलं दुःख लगेच ओळखू येतं. आणि घरच्यांना पहिल्या बाकावर बसवायच्या. बाकीचे वकील पाठीमागे त्यांना 'रडवणाऱ्या बाई' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि फारसं लागायचंही नाही.

अकरा महिन्यांपूर्वी त्यांच्या टेबलासमोर हेच बटण लावताना उस्ताद घामाघूम झाला होता. शेवटी त्याच्या बायकोने ते लावलं होतं.

आज त्याने अनामिका आणि करंगळी यांच्या चिमटीत बटण धरलं, अंगठ्याच्या खुंटाने कापड पुढे रेटलं. बटण लागलं.

कारखान्याचे वकील सावकाश उठले. "बाकीचीही काढून लावता का? बघू द्या की साहेबांना."

उस्तादने चारही बटणं लावली. पहिल्या बाकावरून त्याची दहा वर्षांची लेक टाळी वाजवायला निघाली होती. आईने तिचा हात दाबला.

जेवणाची सुट्टी झाली. बाहेर व्हरांड्यात मुलगी नळावर पाणी प्यायला गेली आणि उस्ताद लगबगीने वकीलबाईंजवळ आला. "बाई, जमलं ना?"

"कधी शिकलात हे?"

"तुम्हीच नाही का म्हणालात, कोर्टात हे करायला लावीन म्हणून? मग तयारी नको करायला? त्या दिवशी तुमच्या ऑफिसात लाज गेली माझी."

वकीलबाईंनी डोळे मिटले. "अहो, ते जमायला नको होतं."

त्याला समजेना. समजलं ते बायकोला. "सात महिने, बाई! रोज सकाळी आरशासमोर. खुंट सोलून निघायचा नुसता. एक शर्ट तर रक्ताने असा बरबटला, की फरशी पुसायलाही घेतला नाही मी. म्हटलं, अहो, मी आहे ना लावायला. तर म्हणे, पोरगी बघते."

"मग आता न जमल्यासारखं करू?" उस्तादने हळूच विचारलं.

"खोटं काही करायचं नाही. मी विचारीन त्याचं खरं उत्तर द्या. बस्स."

एवढ्यात मुलगी ओल्या फरशीवरून धावत आली. "हळू गं! पाय घसरेल," वकीलबाई सवयीने ओरडल्या. त्यांची स्वतःची लेक आता मोठी होऊन दुसऱ्या गावी राहत होती. लहानपणी त्यांनी तिला सायकल दिली नव्हती, जिन्यावर एकटं सोडलं नव्हतं. सैल कठडा, वर आलेला खिळा, उघडं झाकण, सगळं त्यांना आधी दिसायचं. "आई, तू माझ्याकडे बघतेस की पुढच्या केसकडे?" असं ती वैतागून म्हणायची.

या मुलीचा पाय घसरला नाही. वकीलबाईंनी तिला आत नेऊन पुन्हा पहिल्या बाकावर बसवलं.

"बटण लावायला किती दिवसांत शिकलात?" उस्ताद पुन्हा पिंजऱ्यात उभा राहिल्यावर त्यांनी विचारलं.

"झाला असेल... आठवडा."

वकीलबाई थबकल्या. तो त्यांच्याकडे बघतच नव्हता. त्यांच्या खांद्यावरून मागे, पहिल्या बाकाकडे बघत होता. लेक पुढे सरकून बसली होती.

मुलीला बाहेर न्या, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तेवढ्या वेळात तो सावरला असता. आणि सावरलेल्या साक्षीदाराकडून काही निघत नाही, हे त्या सव्वीस वर्षांत शिकल्या होत्या.

"शपथेवर आहात. खरं सांगा. किती?"

"...सात महिने."

"रोज?"

"रोज."

"रक्त यायचं?"

त्याने पुन्हा पहिल्या बाकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "यायचं."

"घरी काय काय जमत नाही?"

"कुलूप उघडत नाही. घास निसटतो, म्हणून पोरीला म्हणतो, तू जेव आधी, मला भूक नाही." त्याने डाव्या हाताने कठडा धरला. "शाळेला जाताना तिचा हात धरायचा टाळतो. मोठी झालीस म्हणतो. बाई, धरला तरी तो सुटतो हो..."

पिंजऱ्याच्या कठड्यावर डोकं टेकून तो हुंदके देऊ लागला. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला आणि ते बराच वेळ लिहीत राहिले. कारखान्याचे वकील बसल्या जागेवरून म्हणाले, "प्रश्न नाहीत."

कामकाज संपल्यावर दाराशी कारखान्याच्या वकिलांनी वकीलबाईंना गाठलं. "मानलं बुवा, ताई. हातातली केस काढून नेलीत."

वकीलबाईंनी फाईल काखेत मारली. त्या उस्तादजवळ गेल्या. "निकाल आपल्या बाजूने लागेल. काळजी करू नका."

"बरं," तो म्हणाला.

तिघं जिना उतरायला लागली. दोन पायऱ्या उतरून मुलगी थांबली आणि न विचारता बापाच्या खांद्यावरची पिशवी काढून तिने आपल्या खांद्याला लावली.

त्याने ती घेऊ दिली.