जोडीतला उजवा

मित्रांनो, मी एक मोजा आहे. उजव्या पायाचा, लोकरीचा, आणि आता बराच जुना. माझ्या टाचेवर करड्या धाग्याचे रफू आहे. त्याबद्दल नंतर सांगेन. आधी माझे रंग.

मोजा होण्याआधी मी लडीच्या रूपात होतो. स्टुटगार्टजवळच्या एका गावात एक बाई टेबलावर ओल्या पांढऱ्या लड्या पसरून ब्रशाने रंगवत. मला मोरपिशी लागला, मग जांभळा, मग पिकलेल्या जर्दाळूचा केशरी. एके ठिकाणी खिडकीबाहेर बघता बघता त्यांचा हात थांबला आणि पिवळा जरा जास्तच सांडला. वाफेवर रंग पक्के झाले. दोरीवर वाळताना मी कोणीच नव्हतो. कोणाच्या तरी मनातले नुसते रंगीत स्वप्न होतो.

स्टुटगार्टच्याच त्सुफेनहाउझेन भागात राहणाऱ्या शमिकाने मला बाजारातून घरी आणले. तिचा नवरा पुष्कर तिथे इंजिनियर. त्या हिवाळ्यात पुष्करचे आईवडील, प्रभाताई आणि दत्तात्रय, पुण्याहून राहायला आले होते. लडीतून थेट विणायला घेतले तर गुंता होतो. एकाने दोन्ही हातांवर लडी धरायची आणि दुसऱ्याने तिचा गुंडा करायचा. शमिका सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, जरा हात द्या ना."

त्यांनी हात पुढे केले. मनगटांवरून एकेक रंग उतरत गेला आणि ते बघतच राहिले. गुंडा पूर्ण झाल्यावर त्यांनी विचारले, "पुढे कसं करतात, दाखवशील?"

त्यांच्या मनात होती सात वर्षांची नात, ईप्सिता. तिला मराठी समजे, पण ती उत्तर जर्मनमध्ये देई आणि आजोबांना ते कळत नसे. दोघांचे बोलणे एका वाक्यात संपून जाई. परत जाण्याआधी आपल्या हातचे काहीतरी तिच्यापाशी राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

मोजा पाच आखूड सुयांवर विणतात. चार सुया टाके धरून ठेवतात, पाचवी काम करते. प्रभाताई म्हणाल्या, "अहो, शर्टाचं बटण तुटलं की मला हाक मारता, आणि इथे येऊन मोजे विणताय?" दत्तात्रय हसले, पण सुई थांबली नाही. बाहेर बर्फ पडत होता. आत एका फेरीत मोरपिशी येई, पुढच्या फेरीत नकळत जांभळा त्यात मिसळे. आता कोणता रंग येईल हे पाहण्यासाठी ते अजून एक फेरी विणत, मग अजून एक. चहा निवून जाई. टाच वळली तेव्हा नेमका पिवळा आला, जणू ऊन तिथे येऊन बसले. मित्रांनो, इतक्या सुखाने कोणी आपल्याला घडवावे, याहून मोठे भाग्य नाही.

मी तयार झालो आणि ईप्सिताने मला लगेच पायात चढवले. दुसरा पाय अनवाणीच ठेवून ती घरभर फिरू लागली.

खरी अडचण माझ्या जोडीदाराची झाली. दत्तात्रयांचा जन्म कारखान्यात माल तपासण्यात गेला होता. प्रभाताई सांगत, की त्यांच्यापुढे 'चालतंय' म्हणायची कोणाची छाती नव्हती. डाव्या मोज्याचा पिवळा टाचेवर येईना, नडगीवरच येई. त्यांनी तो उसवला. गुंड्यातली दुसरी जागा शोधून पुन्हा विणला, पुन्हा उसवला. हाताने रंगवलेला धागा एकसारखा नसतोच, हे शमिकाने दोनदा समजावले. उसवून उसवून लोकर कुरळी झाली, तंतू सुटू लागले. परतीचा दिवस जवळ आला आणि मला वाटले, मी एकटाच राहणार.

शेवटी त्यांनी अर्धा विणलेला डावा माझ्याशेजारी ठेवला आणि ईप्सिताला दाखवला. "हे बघ, पिवळा इथे हवा. नाही ना आला?"

तिने दोघांना नीट पाहिले. म्हणाली, "मुस निश्ट."

आजोबांनी शमिकाकडे पाहिले. "नसला तरी चालतं, म्हणतेय," शमिकाने सांगितले.

आजोबांनी डावा पुन्हा हातात घेतला. मग उसवायला काढलेली सुई त्यांनी परत टाक्यांत घातली. विमानतळावर निघाले तेव्हा ईप्सिताच्या दोन्ही पायांत मोजे होते, आणि दोघांचे रंग वेगळे होते.

पाय वाढतील म्हणून त्यांनी आम्हाला जरा मोठेच विणले होते. दोन हिवाळे आम्ही तिच्याबरोबर होतो. मग माझी टाच फाटली. शेजारच्या कचरापेटीत असे मोजे मी कितीतरी पाहिले होते. मीही तयारी केली. पण ईप्सिता शाळेत रफू शिकली होती. घरात करडाच धागा होता. तिने तोच ओवला, वाकडातिकडा का होईना, भोक बुजवले आणि व्हिडिओ कॉलवर मला पुढे धरले.

"आजोबा, चालतंय?" तिने मराठीत विचारले.

"जवळ धर जरा." त्यांनी चष्मा पुसला आणि टाकान् टाका पाहिला. पिवळ्या उन्हात करडा ढग आला होता. "पास," ते म्हणाले.

आता तिचा पाय माझ्यात मावत नाही. डावा आणि मी एकमेकांत गुंडाळून खणात झोपतो. मित्रांनो, तुमच्याकडेही कोणीतरी हाताने केलेले काही असेल. ते विटले, फाटले, तर टाकू नका. जवळ असेल तो धागा सुईत ओवा.