पट्ट्यावरच्या जाळीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. खिडकीची नव्हे, कोंबड्यांच्या खुराड्याचीही नव्हे. माजलगावात सिद्धेश्वरअप्पांचं कापसाचं जिनिंग आहे, म्हणजे कापसातून बी वेगळं काढायचा कारखाना. तिथे मोटर फिरली की एक रुंद पट्टा फिरतो, पट्ट्यानं मोठं चाक फिरतं आणि चाकानं सगळी यंत्रं. त्या पट्ट्या-चाकाच्या आणि माणसाच्या मध्ये मी उभी असते. एवढंच माझं काम.

माझा जन्म आसाराम मिस्त्रींच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. त्याआधी जिनिंगमध्ये कारखाना निरीक्षक येऊन गेले होते. उघडा पट्टा बघून त्यांनी अप्पांना बजावलं होतं, "फिरतं यंत्र झाकणं मालकावर आहे. कायदाच तसा आहे." म्हणून मी घडले. मला पिवळा रंग देताना आसाराम मिस्त्री हसून म्हणाले, "अप्पा, जाळी झकास झाली. पण बसवा बरं का. भिंतीला टेकून ठेवली तर शेळी बांधायच्या कामाची."

अप्पांनी मला चार बोल्टांनी पक्कं बसवलं. पहिल्या हंगामात जो येई तो माझ्याकडे बघे. पुढे कुणी बघेनासं झालं. यंत्रातून रुई निघते ती सगळ्यांना दिसते. माझ्यातून काय निघणार? ज्या दिवशी काहीच घडत नाही, तो माझ्या कामाचा दिवस. त्याचं कौतुक कोण करणार?

एक बायडाबाई मात्र माझी होती. पट्ट्याजवळ सांडलेली सरकी झाडायचं काम तिचं. कापसाचं बी म्हणजे सरकी, पायाखाली आली की गोट्यांसारखी पळते. बायडाबाई दिवसातून किती वेळा घसरे, आणि दरवेळी तिचा हात माझ्यावर पडे. मला धरून ती उभी राही, कमरेवर हात ठेवून म्हणे, "हाय बाई तू, म्हणून मी हाय." भाकरीचं फडकं ती माझ्याच कोपऱ्याला अडकवी. तिच्या ज्वारीच्या भाकरीवर सगळ्या कामगारांचा डोळा असे. फिटर सटवा तर म्हणायचा, "बायडाक्का, तुझ्या हाताला सोन्याचं कडं पायजे." ती म्हणे, "कडं ऱ्हाऊ दे. आधी कालचं फडकं धुऊन आण, मेल्या."

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. अप्पांच्या आई मल्लम्मा ताट घेऊन आल्या. त्यांनी माझ्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि थांबल्या.

"सिद्धू, पोट भरतं ते चाक. कुंकू जाळीला लावून काय करू?"

अप्पांनी सटवाला खूण केली. माझे बोल्ट निघाले. चाकाला भस्माचे पट्टे ओढले, तेल लावलं, वर कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मी बाजूला भिंतीला टेकून बघत होते. मलाही ते चांगलंच वाटलं. पूजा झाली की मी परत जागेवर जाणार होते.

पण त्या जिनिंगमध्ये एक रीत होती. देवाला वाहिलेलं कुंकू झाकायचं नाही, ते आपोआप झडू द्यायचं. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या. हार काढला, बटण दाबलं, चाक फिरू लागलं. आणि मित्रांनो, तेलात बसलेलं कुंकू कधी झडतं का? ते चाकाला डांबरासारखं चिकटून बसलं. मी भिंतीपाशीच राहिले. पुढे फाटकाची कडी तुटली, तेव्हा माझेच बोल्ट तिकडे गेले.

बायडाबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं, "अप्पा, जाळी कावून न्हाई लावली?"

"लावू की. हंगामाची घाई हाय. तवर पदर खोचून काम करायचं. जपून राहिलं की काय होत न्हाई."

"जपून तर रोजच ऱ्हाते अप्पा. पण घसरायला काय मुहूर्त लागतो व्हय?"

अप्पा हसले आणि निघून गेले. फाटकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सुरक्षितता प्रथम'. त्याच फाटकाला माझे बोल्ट होते.

त्यानंतर माझा एकही दिवस सुखाचा गेला नाही. पट्टा सपसप फिरायचा. बायडाबाई वाकून त्याच्या कडेनं झाडू मारायची. ती जवळ गेली की माझ्या तारा ताणल्यासारख्या व्हायच्या. ती दूर गेली की सैलावायच्या. मला ओरडता येत असतं तर! तिनं सटवालाही टोकलं. तो मान खाली घालून म्हणाला, "आक्का, अप्पाला किती डाव म्हणू? म्हणतेत, तुला काम करायचं का कायदा शिकवायचा?"

एका दुपारी गाड्यांची रांग लागली होती. सरकी पट्ट्याखाली साचली होती. बायडाबाईनं पदर कमरेला घट्ट खोचला, झाडू घेतला आणि वाकली. पायाखालची सरकी पळाली. ती घसरली, आणि तिचा हात सवयीनं तिथेच गेला, जिथे इतकी वर्षं मी होते.

तिथे मी नव्हते. पट्टा होता.

"बंद कर! बंद कर बे!" कुणीतरी किंचाळलं. बटण शेडच्या पार दुसऱ्या टोकाला. सटवा जीव खाऊन पळाला. बटण दाबलं तरी चाक लगेच थांबेना. ते थांबलं तेव्हा बायडाबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

अप्पा धावत आले आणि पहिलं वाक्य बोलले, "पदर खोचायला सांगितलं होतं ना!"

तिला धरून बसलेला सटवा म्हणाला, "अप्पा, पदर खोचलेलाच हाय."

काही दिवसांनी निरीक्षकबाई आल्या. अप्पांनी त्यांनाही तेच सांगितलं, पदर अडकला म्हणून. कामगार कापसाचे ढीग ओढू लागले. सटवाही जमिनीकडे बघत राहिला. त्यालाही पोट होतं. दाराशी खुर्चीत बसलेल्या मल्लम्मा मात्र काठी टेकत उठल्या.

"सिद्धू, खोटं कावून बोलतोस? त्या दुपारी मी हितंच दाराशी बसले होते. पदर मी बघितला, खोचलेला होता. जाळी काढ म्हणाले ती मी, पूजेपुरती. परत लावू नको असं कोणत्या देवानं सांगितलं तुला?"

निरीक्षकबाई शांतपणे म्हणाल्या, "आजी, काढायला कुणीही सांगो. जाळी लागल्याशिवाय बटण दाबू न देणं, हे मालकाचं काम. कामगारानं जपावं हे खरं. पण मालकानं आपलं काम केलं नाही, तर त्याचा दोष कामगाराच्या पदराला बांधता येत नाही."

जाळी लागेपर्यंत पट्टा बंद झाला. अप्पांवर खटला भरला गेला. बायडाबाईचा दवाखाना आणि भरपाई त्यांच्याच माथी आली. फाटकाचे बोल्ट निघाले, मी जागेवर बसले, आणि माझ्या शेजारी थांबवायचं लाल बटणही आलं. हे सगळं खंडेनवमीच्या संध्याकाळी सहज झालं असतं.

यंदाच्या पूजेला मल्लम्मांनी कुंकू माझ्याच तारांना लावलं.

मित्रांनो, तुमचे आईवडील कामाला जातात तिथे माझ्यासारखी एखादी असेल. ती भिंतीला टेकलेली दिसली तर घरी सांगा, चार लोकांत विचारा. आणि कुठे कुणाचा हात गेला असं ऐकलं, तर त्याचं लक्ष कुठे होतं हे विचारण्याआधी, जाळी कुठे होती ते विचारा.

बायडाबाई परत कामावर आली आहे. भाकरी आता ती डाव्या हातानं थापते. कडेला फाटते, पण सटवा मागून खातो. रोज सकाळी मोटर सुरू होण्याआधी ती माझ्यापाशी येते. उरलेल्या तीन बोटांनी मला धरते आणि अंगातलं बळ लावून हलवते. मी हलत नाही.

"हाय जागेवर," ती म्हणते. "दाब बटण, सटवा."