तीन व्हायोलिनं आणि सहा स्क्रू

आमच्या बाबांसमोर एखादी बेसूर गोष्ट ठेवून तुम्ही नुसतं पाणी प्यायला जा. परत येईपर्यंत ती सुरात लागलेली असते. जन्मभर लोकांचे पियानो लावले त्यांनी. आता निवृत्त झालेत म्हणे, पण कान कुठे निवृत्त होतात? शेजाऱ्यांच्या दाराची घंटा त्यांनी न विचारता लावून दिली, कारण टिंग-टाँगमधलं टाँग उतरलं होतं. आणि पकडले गेले की ठरलेलं वाक्य, “जाता जाता केलं गं.”

या जाता जातानं मला त्या आठवड्यात वेड लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

झालं असं, की माझी मावशी नाटकाच्या थिएटरात ऑर्गन वाजवते. रंगमंचासमोर वादकांसाठी खोलगट जागा असते ना, तिथे. पूर्वी तिच्या डाव्या हाताला तीन व्हायोलिनवाले बसायचे. एकेक करून ते थकले, घरी बसले, आणि उरली मावशी एकटी. अशात नवा मॅनेजर आला. तो म्हणाला, “एकट्या ऑर्गनचा आवाज फार किरकोळ वाटतो हो. पुढच्या हंगामापासून आपण टेपच लावू.”

मावशी तशीच आमच्या घरी आली, खुर्चीत बसली आणि रडायला लागली. माझी मावशी! नट ओळ विसरला तर खालून त्याला खणखणीत आवाजात झापणारी बाई ती. तिला रडताना बघून माझं टाळकंच सरकलं.

“रडू नकोस,” मी म्हटलं. “तुझी माणसं मी तुला बनवून देते.”

माझा धंदाच तो. घराच्या पुढच्या खोलीत मी इलेक्ट्रॉनिक वाद्यं दुरुस्त करते, कधी नवी जुळवते. मावशीचा ऑर्गन घरी आणून ठेवला आणि त्याला जोडायला मी एक डबा बनवायला घेतला. युक्ती तशी सोपी आहे. दहा माणसं एकत्र टाळी वाजवतात तेव्हा ती कधी नेमकी एकाच क्षणी पडते का? कुणी पुढे, कुणी मागे, म्हणून तर ती दहा जणांची वाटते. माझ्या डब्यात ऑर्गनचा एकच आवाज तीन वाटांनी जायचा. प्रत्येक वाटेवर त्याला जरासा उशीर व्हायचा, आणि तो उशीरही सतत कमीजास्त होत राहायचा, त्यामुळे सूर केसभर हलायचा. तिन्ही वाटा पुन्हा एकत्र आल्या, की कान फसतो आणि म्हणतो, अरे, इथे तर बरीच मंडळी जमलीत! प्रत्येक वाटेला दोन बारीक स्क्रू होते. एक किती उशीर ते ठरवायला, दुसरा किती हलायचं ते ठरवायला.

संध्याकाळी डबा असा काही वाजायचा, की मावशी टाळ्या पिटायची. सकाळी बघावं तर मेलेला! एकटा ऑर्गन, सपाट, पाटासारखा. मी चिप बदलली. तारा बदलल्या. सोल्डरिंग गनला नाही नाही ते बोलले. स्क्रू बघितले तर ते शून्यावर जाऊन बसलेले. स्क्रूच हलक्या प्रतीचे आहेत, आपोआप सरकतात, असा मी निष्कर्ष काढला आणि नवे बसवले. बघा माझी अक्कल! बाबा खिडकीशी चहा पीत म्हणायचे, “होईल गं ठिणगे, सगळं नीट होईल.” ठिणगी म्हणजे मी. सोल्डरिंगमुळे पडलेलं नाव आहे असं मी लोकांना सांगते.

मॅनेजरला डबा ऐकवायचा दिवस उजाडला. टेम्पोवाला वेळेआधीच दारात येऊन हॉर्न बडवायला लागला, त्यामुळे डबा लावून बघायलाही मिळालं नाही. डबा आणि ऑर्गन टेम्पोत चढवले आणि निघालो. बाबाही आले.

थिएटर रिकामं होतं. खुर्च्यांवर धूळ बसू नये म्हणून कापडं टाकलेली. मॅनेजर पहिल्या रांगेत, आणि शेजारच्या खुर्चीवर ते टेपचं यंत्र, पाहुण्यासारखं ऐटीत बसवलेलं. मावशीनं पदराला हात पुसले आणि सूर धरला.

एकटा ऑर्गन. बस्स.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी डब्याकडे बघितलं. मॅनेजर भला माणूस, अगदी मऊ आवाजात म्हणाला, “छान आहे. पण मला ऑर्गनच ऐकू येतोय. जरा मोठा झालाय, एवढंच.”

तेवढ्यात मागून बाबांचा आनंदानं फुललेला आवाज आला. “पण किती स्वच्छ लागलाय बघा! ही पोरगी रोज संध्याकाळी घोळ घालून ठेवते, मी रोज सकाळी निस्तरतो. आजही निघता निघता सगळी थरथर काढून टाकली. केसाचाही फरक नाही!”

“बाबा!” मी अशी ओरडले की वरच्या बाल्कनीतून आवाज परत आला. “अहो, ती थरथर मी जन्माला घातली होती! आठवडाभर मी त्या डब्याशी डोकं फोडतेय आणि तुम्ही रोज सकाळी तिचा गळा दाबताय?”

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. “म्हणजे… चूक हवी होती?”

“हो! चूकच हवी होती!”

“मग सांगायचं नाही का गं आधी?” ते हळूच म्हणाले.

मॅनेजर म्हणाला, मी चहा घेऊन येतो, तोवर बघा काही जमतंय का. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि रागारागानं स्क्रू फिरवायला लागले. एकदा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा झाला. एकदा झिंगल्यासारखा. घरी तासन्‌तास बसून जुळवलेलं ते, असं घाईत कुठलं सापडायला! शेवटी मावशीनं ऑर्गनचं झाकण बंद केलं. “राहू दे गं. खूप केलंस माझ्यासाठी. टेप तर टेप.”

बाबा मात्र तरातरा खाली उतरून आले.

“दे इकडे तो स्क्रूड्रायव्हर.”

“तुम्ही हात लावायचा नाही!”

“दे म्हटलं ना!” बाबा माझ्याशी त्या आवाजात क्वचितच बोलतात. मी दिला. ते मावशीकडे वळले. “उघडा झाकण. नुसता एक सूर धरून ठेवा. आणि मला सांगा, तुमच्या अगदी शेजारी कोण बसायचा? निवांतराव ना?”

“हो भाऊजी. पण आता त्यांचं काय?”

“इथे पियानो लावायला यायचो तेव्हा त्या तिघा व्हायोलिनवाल्यांच्या नावानं किती बोटं मोडली असतील मी! हा निवांतराव. कायम मागे. भरपेट जेवून आल्यासारखा वाजवायचा.” बाबांनी डोळे मिटले आणि स्क्रूंची पहिली जोडी फिरवली. “हा घाईराव. घरी दूध उतू चाललंय, असा. याला उशीर द्यायचाच नाही.” दुसरी जोडी फिरली. “आणि हा थरथरे. मन चांगलं, पण रडका प्रसंग आला की हात असा हलायचा, असा…” बाबांच्या कपाळाला घाम फुटला होता, दात आवळलेले. जन्मात पहिल्यांदा ते मुद्दाम सूर बिघडवत होते, आणि बिचाऱ्यांना ते दाढ उपटल्यासारखं दुखत होतं.

“वाजवा,” ते म्हणाले.

मावशीनं नाटकाच्या शेवटाला वाजवायची ती संथ चाल धरली. आणि काय सांगू! सगळं थिएटर भरून गेलं. मी आठवडाभर जे केलं होतं ते बरंच होतं, पण त्यात नुसती गर्दी होती. यात माणसं होती. चहाचा कप घेऊन मॅनेजर दारातच उभा राहिला आणि आत कोण कोण आलंय ते शोधायला लागला.

चाल रंगात आली, तशी मावशीनं हात न थांबवता, सवयीनं, डावीकडच्या रिकाम्या खुर्च्यांकडे मान वळवली आणि खेकसली, “अहो निवांतराव, उचला की जरा!”

बोलून गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं. ती हसायलाच लागली, हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण बोटं काही थांबली नाहीत. मलाही रडू आवरेना.

मॅनेजरनं पहिल्या रांगेतलं टेपचं यंत्र उचललं, खाली जमिनीवर ठेवलं आणि त्या खुर्चीत स्वतः बसला. “पुढच्या हंगामाचं नाटक गाण्यांचं आहे,” तो म्हणाला. “मावशी, तालमीला या तिघांना घेऊन या.”

आम्ही आवराआवर करायला लागलो, तर बाबा डब्यापासून चांगले लांब, दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून उभे.

“काय झालं हो?” मी विचारलं.

“ठिणगे, त्या सहाही स्क्रूंवर नेलपॉलिशचा एकेक थेंब टाक, कायमचे घट्ट बसतील,” ते म्हणाले. “आणि आत्ताच टाक. घरी जाईपर्यंत मला माझा भरवसा नाही.”