त्याला बोलाव

बाबांचा जीव गेला तेव्हा खोलीत ताई एकटीच होती. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

बाबा जन्मभर चर्चचे पाळक होते. मंडळीपुढे बोलायला लागले की मध, घरात मात्र विंचू. पक्षाघाताने ते खाटेला खिळले तेव्हा ताईने ड्रायक्लीनिंगच्या दुकानातलं इस्त्रीचं काम सोडलं आणि त्यांचं हगणंमुतणं काढायला घरी बसली. तिचं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. आईचे गुडघे गेलेले, ती शेजारच्या खोलीत पडून. धाकटा भाऊ फ्रीज दुरुस्त करत गावोगाव हिंडायचा. आला की बाबांचे पाय चेपायचा आणि डोळे पुसत निघून जायचा. मधला, म्हणजे दादा, पाळक तयार करणाऱ्या शाळेत शिकवायचा. बायबलातली चारही शुभवर्तमानं शेजारी शेजारी मांडायची आणि येशूच्या एकाच आयुष्याच्या चार हकिगती ताडून बघायच्या, हा त्याचा विषय. कोण कुठे उभं होतं, कुणी काय ऐकलं, कुणी काय गाळलं. बाबांची विचारपूस तो फोनवर करायचा.

बाबा दिवसभर कधी दादाला हाक मारायचे, कधी धाकट्याला. ताईला हाक मारायची वेळच येत नसे. ती तिथेच असायची.

त्या दुपारी पाठीच्या जखमांना मलम लावायला तिने त्यांना कुशीवर वळवलं. बाबांनी चालत्या हाताने तिचा हात झटकला.

"तू नको," ते म्हणाले. कितीतरी दिवसांत इतकं स्वच्छ बोलले नव्हते. "त्याला बोलाव."

"कुणाला, बाबा?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने मलम लावणं पुरं केलं, सदरा खाली ओढला, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की श्वास थांबलाय.

आईने विचारलं, "काही बोलले का गं शेवटी?" ताई म्हणाली, "प्रार्थना म्हटली." धाकटा हुंदके देत आला. "माझी आठवण काढली?" त्याला ती म्हणाली, "तुझंच नाव घेत होते." संध्याकाळी दादा आला. कडक इस्त्रीचा कोट, चकचकीत बूट. त्यानेही तेच विचारलं. ताईने त्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही रे. वाचाच गेली होती."

जेवणं झाल्यावर दादाने तिला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज वर्गातला.

"ताई, आई म्हणते प्रार्थना म्हटली. धाकटा म्हणतो त्याचं नाव घेतलं. मला म्हणालीस वाचा गेली होती. मरण एक, सांगणारी एक, आणि हकिगती तीन?"

"दमलेय रे मी. झालं असेल इकडचं तिकडे."

"असं उगाच होत नाही. प्रभूचे वधस्तंभावरचे शेवटचे शब्द घे. कुणी सांगतं त्याने टाहो फोडला, कुणी सांगतं शांतपणे जीव बापाच्या हाती दिला, कुणी म्हणतं काम पुरं झालं एवढंच बोलला. प्रत्येक सांगणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं. तुझ्या मनात काय होतं?"

ताई भांडी घासत राहिली.

"मुळात तू खोलीत होतीस ना? की इथेच होतीस आणि मागाहून गेलीस?"

तिच्या हातातलं पातेलं मोरीत आदळलं. "होते! तू नको म्हणाले मला. माझा हात झटकला. तू नको, त्याला बोलाव. झालं समाधान?"

दादा हळूच म्हणाला, "शेवटचं परत सांग."

"त्याला बोलाव."

"हं," तो म्हणाला आणि निघून गेला. पहिल्या दोन शब्दांबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी अंत्यविधीला चर्च खच्चून भरलं होतं. दादा व्यासपीठावर चढला. "वडिलांच्या तोंडी शेवटी दोनच शब्द होते," तो म्हणाला. "त्याला बोलाव. जन्मभर ज्या प्रभूची चाकरी केली, त्यालाच त्यांनी हाक मारली. आम्ही दोघं मुलं उशाशी होतो." बायांनी पदर डोळ्यांना लावले. आईसुद्धा मान डोलावत होती. ताईच्या मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजलं, "मुलगी नव्हती का?" दुसरी म्हणाली, "असेल कामात."

माती देऊन झाल्यावर दादाने ताईला बाजूला घेतलं. चेहरा उजळलेला.

"वाईट वाटून घेऊ नकोस. लोकांना सांगताना थोडं वळवावं लागतं. कबरीच्या दगडावरही तेच दोन शब्द घालू." मग त्याने आवाज उतरवला. "पण आपल्या दोघांना तर माहितीय, त्यांनी मला बोलावलं होतं."

ताईने त्याच्या कॉलरवरचा मातीचा कण झटकला.

"तुला नाही रे. धाकट्याला."

"नाव घेतलं?"

"घेतलं की. म्हणून तर त्याला सांगितलं. तुझ्या मनाला लागेल म्हणून वाचा गेली म्हणाले."

दादा तिच्याकडे बघत राहिला. तो मनात काय लावून बघतोय हे तिला कळत होतं: तिचं म्हणणं, धाकट्याचं म्हणणं, खोटं बोलण्याचं कारण. या खेपेला सगळं जुळत होतं, कुठे फट नव्हती. त्याचा चेहरा उतरत गेला आणि ताईने तो शेवटपर्यंत उतरू दिला.

दगडावर ते शब्द काही आले नाहीत. नुसतं नाव आलं. दादाने धाकट्याशी बोलणं टाकलं. धाकट्याच्या मुलीच्या नामकरणाला तो आला नाही, धाकट्याने फ्रीज दुरुस्तीचं दुकान उघडलं तेव्हाही नाही. धाकटा ताईकडे येतो, तिने वाढलेलं जेवतो आणि जेवता जेवता रडवेला होतो.

"मी काय केलं गं ताई दादाचं?"

"मला काय ठाऊक?" ताई म्हणते आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढते.