लाटांच्या टाकीवरच्या नणंद-भावजया

भावजय गणित करायची, नणंद प्रयोगशाळेतली कृत्रिम लाटांची टाकी चालवायची. एका घरात राहून दोघी कामावर वेगवेगळ्या गाडीने यायच्या.

तरंगती पवनचक्की लाटांच्या माऱ्याने किती मागे सरकते, यावर तिच्या नांगराच्या साखळ्या ठरणार होत्या. भावजयीचं गणित म्हणत होतं, टाकीतली छोटी प्रतिकृती हातभर सरकेल. नणंदेच्या चाचणीत ती जेमतेम वीतभर सरकली. साहेब आज एकच आकडा उचलणार होते. वीतभर ठरलं, तर भावजयीची दोन वर्षांची मेहनत केराच्या टोपलीत.

“वन्सं, वर बघा,” भावजय म्हणाली. “मोजमापाच्या केबलींचा जुडगा छताला टांगलाय. तोच तिला धरून ठेवतोय. समुद्राला छत नसतं.”

“तुझी भाजी करपली की दोष कढईचा, गणित करपलं की माझ्या केबलींचा!”

साहेब वैतागले. “जुडगा छतावरून सोडवा, काठीवर सैल धरा आणि पुन्हा चालवा.”

भावजयीने काठी उचलली.

“हिच्या हातात नको,” नणंद म्हणाली. “हळूच ओढेल आणि हातभर भरवेल.”

“मग तुम्ही धरा!” भावजय बोलून गेली आणि तिने जीभ चावली. नणंदेने मूठ जराशी आवळून प्रतिकृती अडवली असती, तरी कुणाला कळलं नसतं.

आधीच्या लाटा पुरत्या विरेपर्यंत थांबावं लागलं. दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

मग लाटा सुटल्या. भावजय पवनचक्कीकडे बघतच नव्हती. तिचे डोळे टाकीवरच्या पुलावर काठी धरून उभ्या नणंदेच्या मनगटावर खिळले होते. मोठ्या लाटांची झुंड आली, प्रतिकृती मागे रेटली गेली. जुडगा ताणला जाणार, एवढ्यात नणंद प्रतिकृतीबरोबर एक पाऊल सरकली. मग आणखी एक. केबलींचा झोळ तसाच राहिला. वीत केव्हाच मागे पडली होती. हातभराला चार बोटं कमी असताना प्रतिकृती थांबली.

“साखळ्यांना गणिताचा आकडा घ्या,” साहेब म्हणाले. “आणि जुन्या सगळ्या चाचण्या पुन्हा करा.”

नणंदेचा चेहरा उतरला.

“थँक्यू, वन्सं.”

“तुझ्यासाठी नाही केलं. माझ्या टाकीत मी खोटं मोजत नाही.” नणंदेने काठी तिच्या अंगावर जवळजवळ फेकलीच. “आणि घरी जेवताना हा विषय काढलास, तर ताटावरून उठेन.”

“काढणारच,” भावजय म्हणाली.