धवलारणीची चुंबळ

डोक्यावर ओझं घ्यायचं तर आधी कापडाचं एक वेटोळं ठेवावं लागतं. मित्रांनो, तेच वेटोळं म्हणजे मी, चुंबळ. आता जुनी, विटलेली, कामावरून सुटलेली.

शकूच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्यातून माझा जन्म झाला. पनवेलजवळच्या आमच्या गावात तेव्हा मिठागरं होती. शकू मला पिळून गोल करी आणि वर ओल्या मिठाची टोपली घेई. ओली बाळंतीण असतानाही तिची टोपली सुटली नाही. "चुंबल नीट बसली का मान धरत नाय," असं ती बायकांना सांगे, तेव्हा मी फुशारून जाई. मान मी सांभाळली खरी. पण ओझं मानेच्याही खाली उतरत होतं.

शकू आमच्या गावची धवलारीण. लग्नात धवले गात एकेक विधी तीच पुढे न्यायची. ती आल्याशिवाय कुणाच्या अंगाला हळद लागत नसे.

मिठागरं गेली. मला वाटलं, सुटले एकदाची. पण एके दुपारी शकूनं मला उलगडलं, माझी घडी घातली आणि लंगोटासारखं घट्ट बांधलं. तिच्या अंगातून एक मऊ गोळा खाली येत होता. नुसतं खोकलं तरी लघवी सुटत होती. जगात हे आपल्या एकटीलाच झालंय, असं तिला वाटे. नवऱ्याला, महादेवलाही, तिनं कळू दिलं नाही. मला धुऊन ती कोंबड्यांच्या खुराड्यामागे वाळत घाली. तिथं ऊन म्हणून यायचं नाही.

हळदीचं बोलावणं आलं की ती म्हणे, "गला बसलाय माजा." गळा ठणठणीत होता, मित्रांनो! घरात कुणी नसलं की मला धुता धुता ती धवले गुणगुणायची. बायका म्हणाल्या, शकूला शिंगं फुटली. मग बोलावणीही थांबली. फार एकटी पडली हो ती. ते धवले ऐकायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.

एक दिवस नुकतीच बाळंत झालेली सून रंजिता भरला हंडा उचलायला वाकली.

"ठेव तो!" शकू ओरडली. "माज्यासारखं हुईल तुला!"

"काय हुईल, आई?"

शकूला रडूच फुटलं. तिनं सुनेला खुराड्यामागे नेलं आणि मला दाखवलं.

"चिंदी बांदून इतके दिस काढलं?" रंजिताचेही डोळे भरले. "चला डॉक्टरकडं. मी हाय ना."

नवीन पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "मावशी, गर्भाशय खाली सरकलंय. यालाच अंग बाहेर येणं म्हणतात. खूप जणींना होतं, पण सगळ्या लपवतात. आधी ही रिंग आत बसवू, ती गर्भाशयाला खालून आधार देते. व्यायामही शिकवते. गरज वाटली तर पुढे ऑपरेशनचं बघू. हे कापड मात्र आता बंद."

शकूनं ती मऊ, गोल रिंग बोटांनी चाचपली. "बाय, ही तर चुंबलच!" म्हणाली आणि किती दिवसांनी हसली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या बाईनं आवडीचं काही एकाएकी सोडलं, तर तिला नावं ठेवू नका. जवळ बसून विचारा. सांगायला लाज वाटते अशा दुखण्यालाही डॉक्टर असतो.

आज शेजारच्या पोरीच्या, भाविकाच्या, लग्नाचा मांडव आहे. जाताना शकूनं मला धुतलं आणि अंगणातल्या दोरीवर, सगळ्यांच्या देखत, वाळत घातलं. धवले इथवर ऐकू येताहेत. गळा तोच आहे. मी दोरीवर एकटीच आहे, पण उन्हात आहे.